उंबरठ्यावरचा इतिहास

पुणे पाहावयास आलेला प्रवासी बहुधा प्रथम शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभा राहतो. उंच बुरुजांकडे आणि दारावरील अणकुचीदार खिळ्यांकडे तो मान वर करून पाहतो आणि शहर पाहून झाले अशा समाधानाने परततो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मोठ्या वास्तू दुरूनच हाक मारतात; लहान घरांच्या दारी मात्र आपण होऊन जावे लागते. ज्या माणसांनी ते शहर वसविले, राबून उभे केले, ती माणसे वाड्याच्या भोवतालच्या पेठांत, आळ्यांत आणि बोळांत राहिली. त्यांची ओळख व्हावी अशी इच्छा असेल, तर वाहनातून उतरून पायी चालण्यावाचून गत्यंतर नाही.

अशी ओळख करून देणारे एक वृद्ध गृहस्थ पुण्यात होते. त्यांनी आयुष्यभर टपालखात्यात पत्रे वाटण्याचे काम केले. कोणत्या बोळाचे दुसरे तोंड कोठे निघते, कोणत्या वाड्यात किती बिऱ्हाडे आहेत, हे त्यांच्या पायांना पाठ झाले होते. निवृत्तीनंतर ते घरी स्वस्थ बसले नाहीत. रविवारी सकाळी जी मंडळी येतील त्यांना बरोबर घ्यावे आणि पेठांतून फिरवून आणावे, असा त्यांनी परिपाठ ठेवला. त्याबद्दल ते कोणाकडून काही घेत नसत. मोठी माणसे त्यांना ‘काका’ म्हणत, मुले ‘आजोबा’ म्हणत.

हिवाळ्यातील एका रविवारी एका शाळेच्या सातवीच्या वर्गाला घेऊन त्या वर्गाच्या बाई कसबा गणपतीच्या देवळापाशी आल्या. पंचवीस मुलेमुली होती. आजोबांनी सर्वांना जवळ बोलाविले आणि म्हटले, “माझे दोनच नियम आहेत. विचारल्यावाचून कोणाच्याही उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, हा पहिला. आणि घरचा माणूस बोलू लागला, की मी गप्प बसेन. तुम्हीही गप्प बसायचे, हा दुसरा.”

त्या मुलांत एक मुलगा अगदी मागे रेंगाळत होता. तो तांबट आळीतला. घरी वडील तांब्याची भांडी घडवीत. एकदा वर्गात कोणीतरी त्या आळीतल्या ठोकाठोकीची नक्कल केली होती आणि सारा वर्ग हसला होता. तेव्हापासून कोणी घर विचारले, तर तो नुसते ‘कसब्यात’ एवढेच सांगे. आजची वाट आपल्याच आळीतून जाणार हे कळल्यापासून त्याच्या पोटात गोळा आला होता.

आजोबांनी देवळाच्या पायरीशी उभे राहून सांगावयास प्रारंभ केला. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. येथील गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. 1630 च्या सुमारास आदिलशाही फौजेने हे गाव जाळून उजाड केले. गावावरून गाढवाचा नांगर फिरविला अशी कथा परंपरेने सांगतात. पुढे शहाजीराजांच्या या जहागिरीत जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या. त्यांनी त्याच भूमीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर धरविला आणि पळून गेलेल्या रयतेला परत बोलाविले, असे म्हणतात.

“म्हणजे पाहा,” आजोबा म्हणाले, “या गावाने एकदा सर्व गमावले आहे. माणसे आली म्हणून ते पुन्हा गाव झाले. कोणी नांगर घेऊन आले, कोणी चाक घेऊन, कोणी सुई घेऊन. म्हणून येथे कुंभारवाडा आहे, शिंपी आळी आहे. आणि कोणी हातोडा घेऊन आले, ते पुढच्याच वळणावर भेटतील.”

वळण येण्यापूर्वीच आवाज आला. ठण्, ठण्, ठण्. एका दारातून एक ठोका, समोरच्या दारातून दुसरा. आळीत शिरताच तांबूस उजेड डोळ्यांत भरला. कोठे घंगाळे उपडे घातलेले, कोठे पाणी तापविण्याचा बंब अर्धा जोडलेला, कोठे तपेली चिंचेने घासून उजळ होऊन बसलेली. आजोबा सांगू लागले, “हे कारागीर पेशवाईत कोकणातून येथे आले. तोफखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जे जे तांब्यापितळेचे लागे, ते त्यांनी घडविले. भांड्यावर हे बारीक ठिपके दिसतात ना? ही हातोडीची नक्षी. भांडे शोभून दिसावे म्हणून ती काढतात.”

जवळच्या दारात एक कारागीर मांडी घालून बसला होता. त्याने हात थांबविला आणि नम्रपणे म्हटले, “काका, माफ करा. ती नुसती नक्षी नव्हे.”

आजोबा तत्काळ थांबले. दुसरा नियम त्यांनी स्वतःलाच प्रथम लावला. ते बाजूला सरले आणि म्हणाले, “सांगा.”

कारागिराने एक पत्रा हाती घेतला. “तांबे भट्टीत लाल केले, की मऊ पडते. मऊ असते म्हणून त्याला आकार देता येतो. पण तसेच ठेवले, तर हाताच्या दाबाने भांडे चेपेल. म्हणून शेवटी ते मठारायचे. एकाशेजारी एक ठोका, एकावर एक नाही आणि मध्ये फट नाही. ठोक्याठोक्याने तांबे कठीण होत जाते. शोभा दिसते ती मागाहून. आधी बळकटी येते. एका भांड्याला हजारो ठोके बसतात. एक चुकला, तर तो भांड्यावर कायमचा दिसतो.”

त्याने आपला तळहात पुढे केला. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. बाईंनी विचारले, “आता मागणी कशी आहे?”

“स्टीलची भांडी आली तेव्हा पुष्कळ घरांतील हातोडे थांबले,” तो म्हणाला. “आता काही लोक पुन्हा तांबे मागतात. परंतु हातोडा धरणारे हात कमी झाले. मुलांना या कामाची लाज वाटते.”

हे बोलताना त्याची दृष्टी मुलांच्या घोळक्यावरून फिरली आणि मागे उभ्या असलेल्या एका मुलावर क्षणभर स्थिरावली. तो मुलगा खाली मान घालून उभा होता. बापाने मुलाला ओळखले आणि मुलाच्या मनातील भीतीही ओळखली. त्याने त्याला हाक मारली नाही. जणू तो परक्याचा मुलगा आहे, अशा रीतीने त्याने नजर पुढे नेली आणि म्हटले, “या, ज्याला हवे त्याने एकेक ठोका मारून पाहा.”

मुले पुढे सरसावली. कोणाचा ठोका वाकडा पडला, कोणाच्या हातून हातोडाच निसटला. हसे झाले, परंतु ते हसू चेष्टेचे नव्हते. अवघे काम पाहून मुलांना आदर वाटू लागला होता. हातोडा फिरत फिरत त्या मुलाकडे आला. त्याने तो हाती घेतला, त्याचा गुळगुळीत दांडा त्याच्या बोटांना ओळखीचा लागला, आणि ठोका न मारताच त्याने तो शेजाऱ्याच्या हाती दिला. बाप पत्र्याकडे पाहत राहिला.

आजोबांनी खिशातून लहान वही काढून तीत काही लिहिले. “तीस वर्षे मी या आळीत पत्रे टाकली,” ते चालता चालता म्हणाले. “हा आवाज रोज ऐकला. पण तो कशासाठी, हे कधी विचारले नाही. आज माझे एक चुकीचे वाक्य दुरुस्त झाले.”

कसब्यातून पूर्वेस निघाल्यावर नागझरी लागली. आज तिचा नाला झाला असला, तरी एके काळी हा ओढा जुन्या गावाची सीमा होता. तो ओलांडला, की सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचे काळ्या दगडाचे देऊळ आहे. त्याचे बांधकाम 1754 मध्ये सुरू झाले आणि 1770 मध्ये मूर्तीची स्थापना झाली. गणपती तीन सोंडांचा, आणि उंदराऐवजी मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी बांधलेला गेंडा आणि त्याच्या भोवती शिपाई कोरलेले आहेत. गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत लेख आहेत आणि फारसी लेखही आहे.

“देवळात फारसी कशाला?” एका मुलीने विचारले.

“त्या काळी कारभाराची आणि विद्वानांची एक भाषा फारसी होती,” आजोबांनी उत्तर दिले. “हे देऊळ गोसावी मंडळींनी बांधले. अंगाला राख फासणारे साधू एवढेच त्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. ते व्यापार करीत, सावकारी करीत, दूरदूरच्या प्रांतांत त्यांची ये-जा असे. जे दूर हिंडतात त्यांना अनेक भाषांशी वैर करून चालत नाही.”

तेथून मंडळी रास्ता पेठेत आली. सरदार रास्ते यांच्या नावाची ही पेठ. तिच्यात बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. ते 1921 साली बांधले गेले. आजोबांनी आधीच परवानगी घेतली होती. दारात एक वृद्ध गृहस्थ उभे होते. “मुलांनो, डोक्यावर रुमाल घ्या. आमच्याकडे देवासमोर मस्तक झाकतात,” ते म्हणाले. त्यांचे मराठी इतके स्वच्छ होते, की मुले एकमेकांकडे पाहू लागली.

न राहवून एका मुलीने विचारले, “तुम्ही मराठी कोठे शिकलात?”

वृद्ध गृहस्थ हसले. “जेथे तू शिकलीस तेथेच, बाळ. आईच्या मांडीवर.”

मुलगी ओशाळली, परंतु त्यांनी तिला जवळ घेतले आणि आपल्या समाजाची हकीकत सांगितली. फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेली थोडी माणसे कोकणात राहिली, अशी त्या समाजाची परंपरा आहे. पिढ्यान्पिढ्या ती खेड्यांत घाणा चालवून तेल गाळीत. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. केहीमचे ते केहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, अशी त्यांची आडनावेही कोकणच्या मातीतूनच उगवली. शुभप्रसंगी ते मलिदा करतात, तो गूळ किंवा साखर, नारळ आणि पोहे यांचा. “पोहे!” मुले एकदम उद्गारली, कारण बहुतेकांनी सकाळी पोहेच खाल्ले होते.

1948 मध्ये इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतर या समाजातील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. “माझी भावंडेही गेली,” वृद्ध गृहस्थ म्हणाले. “जेरुसलेम ही आमच्या प्रार्थनेतील नगरी, म्हणून ती गेली. पुणे हे माझे घर, म्हणून मी राहिलो. दोघांचेही खरे आहे.” त्या देशात गेल्यावरही त्या मंडळींनी मराठी टाकली नाही, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. आजोबा म्हणाले, “या पेठेत मी परदेशी तिकिटांची पाकिटे देई. लोक दारातच ती फोडीत आणि मोठ्याने वाचीत. तिकीट परमुलखाचे, शब्द मात्र ‘तीर्थरूप आईस’ आणि ‘सर्वांस आशीर्वाद’ असे.”

मागे उभा असलेला तो मुलगा हे सारे ऐकत होता. हजारो कोस दूर जाऊनही ज्यांनी आपली आई नाकारली नाही, त्यांची गोष्ट ऐकताना त्याला मघाचा हातोडा आठवला. घर तर पाव कोसावर होते.

पुढे नाना पेठेत, क्वार्टर गेटाजवळ, कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे जुने चर्च आहे. लोक त्याला सिटी चर्च म्हणतात. त्यासाठी 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली. पेशव्यांच्या फौजेत कॅथलिक शिपाई व अधिकारी होते. त्यांना उपासनेसाठी स्थान हवे होते. “फौजेला माणसे हवी होती आणि माणसांना देव हवा होता,” आजोबा म्हणाले. “देणाऱ्याने आपलीही गरज पाहिली असेल, पण दिलेल्या जागेवर आजही प्रार्थना होते.” आणि बाईंनी त्यात भर घातली, की फादर स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या धर्मोपदेशकाने ‘ख्रिस्तपुराण’ हा ग्रंथ मराठी ओव्यांत रचला आणि तो गोव्यात 1616 मध्ये छापला गेला. मराठी भाषेच्या अंगणात कोणकोण येऊन बसले होते, हे ऐकून मुले चकित झाली.

एक मुलगा उत्साहाने म्हणाला, “आजोबा, किती चांगले! या शहराने सगळ्यांना जागा दिली.”

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सगळ्यांना? चला, एक घर अजून पाहायचे आहे.”

उन्हे वर चढली होती. मुले दमली होती, तरी निमूटपणे चालत गंज पेठेत आली. या पेठेस आता महात्मा फुले यांचे नाव दिले आहे. तेथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे राहते घर स्मारक म्हणून जपलेले आहे. बुटके दार, साध्या भिंती, आवारात पाण्याची जागा. राजवाडा पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्याला तेथे फारसे काही दिसणार नाही.

“या घराण्याचे मूळ सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे,” आजोबा म्हणाले. “पुण्यात येऊन फुलांचा व्यवसाय केला, म्हणून आडनाव फुले पडले. म्हणजे हेही बाहेरून आलेलेच. 1848 मध्ये या दांपत्याने बुधवार पेठेत मुलींची शाळा काढली. पण मी तुम्हांला येथे आणले ते पाण्यासाठी. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणले होते. ठिकठिकाणी हौद बांधले होते. पाणी पुष्कळ होते. परंतु ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना त्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. त्याच शहरात ते राबत, त्याच शहराचे रस्ते झाडीत, आणि तहान लागली की कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून ओंजळ धरून उभे राहत. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला.”

कोणी काही बोलले नाही. मघाचा उत्साही मुलगा त्या पाण्याच्या जागेकडे टक लावून पाहत होता.

“मुलांनो,” आजोबा पुढे म्हणाले, “मी आयुष्यभर पत्रे पोहोचविली. त्यांत आनंदाच्या वार्ता असत आणि दुःखाच्याही असत. दुःखाची वार्ता आहे म्हणून मी कधी पत्र अर्धे फाडून दिले नाही. शहराची गोष्टही तशीच पुरी द्यावी लागते. या शहराने पुष्कळांना जागा दिली आणि पुष्कळांना दाराबाहेरही ठेवले. दार कोणी उघडले आणि कोणी बंद केले, दोन्ही लक्षात ठेवा. कारण दार बंद करणे ही काही मोठ्या राजांनीच करावयाची गोष्ट नव्हे. ते आपणही करतो. कधी दुसऱ्यावर, कधी आपल्याच माणसांवर.”

तेव्हा मागे उभा असलेला तो मुलगा पुढे आला. त्याचा कंठ दाटून आला होता. तो बाईंना म्हणाला, “बाई, मघाशी तांबट आळीत ज्यांनी आपल्याला सांगितले, ते माझे बाबा आहेत.”

क्षणभर शांतता पसरली. ज्याने पूर्वी वर्गात नक्कल केली होती, तोच मुलगा म्हणाला, “तुझे बाबा? मग तुला मठारता येते? मला शिकवशील?” त्या प्रश्नात थट्टा नव्हती, आणि पश्चात्ताप होता की नाही हे सांगणे कठीण, परंतु त्या मुलाला तेवढे पुरेसे झाले.

आजोबा हळूच म्हणाले, “मला ठाऊक होते, बाळ. तुझ्या दारात मी कितीतरी पत्रे दिली आहेत. पण ते सांगणे माझे काम नव्हते. तो निरोप तुझा होता. तूच द्यायला हवा होतास.”

फेरी संपली. निरोप घेताना आजोबांनी मुलांना एकच काम सांगितले. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि आपले घर या शहरात कोठून आले, येताना काय घेऊन आले, हे विचारावे. पुढच्या आठवड्यात मुलांनी उत्तरे आणली तेव्हा बाईंनी ती फळ्यावर लिहिली. कोणी कोकणातले, कोणी कर्नाटकातले, कोणी मारवाडातले, कोणी दुष्काळात मराठवाड्यातून आलेले, कोणी फाळणीच्या वेळी, 1947 मध्ये, सिंधमधून नेसत्या वस्त्रांनिशी आलेले. ‘आम्ही मूळचे येथलेच’ असे सांगणाऱ्या मुलांच्या घरीही शोधता शोधता कोणीतरी, केव्हातरी, कोठूनतरी आलेलेच निघाले. फळा भरून गेला आणि एका शहराची नावे त्यावर मावेनात.

परंतु हे पुढच्या आठवड्यातले. त्या रविवारी तो मुलगा जेव्हा आळीत परतला, तेव्हा दुपार कलली होती. वडील अजून त्याच जागी बसून काम करीत होते. सकाळच्या पत्र्यावर मुलांचे वेडेवाकडे ठोके दिसत होते. मुलगा चपला काढून आत आला. “बाबा, मी सर्वांना सांगितले,” एवढेच तो म्हणाला.

वडिलांनी मान वर केली नाही. ते किंचित बाजूला सरकले आणि त्यांनी आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली. मुलाने मांडी घातली, लहान हातोडा उचलला आणि सकाळी राहून गेलेला ठोका मारला. तो सरळ पडला. त्याच्या शेजारी दुसरा पडला, मग तिसरा. आळीतील आवाजांत आणखी एक आवाज मिसळला.